वय सोळा, तिसरी गाडी: कायद्याने अशा मुलाशी कसं वागावं?

खाडीपल्याड (धागाकर्ता)

आमच्या पंचक्रोशीतला एक मुलगा परवा पुन्हा सापडला. वय सोळा पूर्ण. आधीच्या दोन्ही वेळा मोटारसायकली होत्या, या वेळी चारचाकी. मुंबईकरांची गाडी, गणपतीनंतर अंगणात ताडपत्री घालून उभी ठेवलेली, चावी शेजारच्या घरात खुंटीला. घाट चढून वर गेल्यावर पेट्रोल संपलं म्हणून सापडला, नाहीतर गाडी कोल्हापूरच्या पुढे गेली असती. गावाचं नाव लिहिणार नाही, कृपया विचारू नका.

येत्या ग्रामसभेत ठराव यायचा आहे: 'वारंवार वाहनचोरी करणाऱ्या अल्पवयीनांवर प्रौढांप्रमाणे खटला चालवावा अशी शासनाकडे मागणी.' गावातले अर्ज-विनंत्या मीच लिहितो, त्यामुळे मसुदाही माझ्याच गळ्यात पडला. म्हणून कायदा उघडून बसलो आणि निम्म्यात अडकलो.

बाल न्याय अधिनियम, २०१५ अठराच्या आतल्या सगळ्यांना लागू आहे. मोठ्यासारखा खटला चालवायची वाट त्यात आहे, पण ती १६ ते १८ वयासाठी आणि 'घोर' गुन्ह्यापुरती, म्हणजे ज्या गुन्ह्याला किमान शिक्षाच सात वर्षं आहे तेवढ्यापुरती. साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे कमाल तीन वर्षं. म्हणजे बाल न्यायाच्या हिशेबात ती 'किरकोळ' गुन्ह्यात जाते. मग चोरलेली सायकल असो की दहा लाखांची गाडी. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये आणखी स्पष्ट केलं की कमाल शिक्षा कितीही मोठी असली तरी किमान सात वर्षं लिहिलेली नसतील तर तो गुन्हा 'घोर' धरायचा नाही. तेव्हा आमचा ठराव मंजूर झाला काय आणि बारगळला काय, संसदेने कायदा बदलल्याशिवाय उपयोग शून्य.

ते राहू दे. मला खटकलं ते दुसरंच. मोठा माणूस चोरीत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर नव्या संहितेत त्याला किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षं सक्तमजुरी आहे. मुलांच्या कायद्यात कितवी वेळ आहे याचा हिशेब कुठे नाही. कलम १८ मध्ये मुलाचं पूर्वीचं वर्तन विचारात घ्यावं एवढं म्हटलंय, पण पायऱ्या आखून दिलेल्या नाहीत. मुलांची प्रकरणं ज्याच्यापुढे चालतात त्या बाल न्याय मंडळाने चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने मुदतवाढ. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही संपली नाही तर प्रकरण तिथेच बंद. या मुलाचं पहिलं प्रकरण असंच मुदतीत विरलं असं घरचे सांगतात. दुसऱ्या वेळी समज देऊन सोडलं. दोनदा सापडूनही त्याला जे काही झालं ते सगळं पहिल्या चोवीस तासांत झालं. पुढे काहीच नाही.

माझं मत सध्या असं: शिक्षा वाढवू नका, विरून जायची वाट बंद करा. सोळा वर्षांच्या पोराला तीन वर्षांनी मिळणाऱ्या शिक्षेची भीती नसते. पुढच्या सोमवारी नक्की कुठेतरी हजर राहायचंय याची असते. पटत नसेल तर सांगा, पण 'ठोकून काढा' यापलीकडे काहीतरी लिहा.

रातांबा

पलीकडचंच लिहितो. माझी मोटारसायकल रेल्वे स्टेशनबाहेरून गेली. सकाळच्या गाडीने मुंबईला गेलो, परत आलो तर जागा रिकामी. विमा फक्त थर्ड पार्टी, त्यामुळे भरपाई नाही. हप्ते चालूच. कामावर जायला एसटीच्या वेळा बघत बसलो. चोरणारा सतरा वर्षांचा निघाला आणि माझ्या आधी तो घरी पोचला होता.

गाडी मिळाली तेव्हा टाकी, सायलेन्सर, बॅटरी गायब. सांगाडा पोलीस ठाण्याच्या आवारात पागोळ्यांखाली अख्खा पावसाळा भिजला. खाऱ्या हवेत सांगाड्याचं काय होतं ते इथल्यांना सांगायला नको.

तुम्ही लोक मुलाला समजून घ्या म्हणता. घेऊ. माझे हप्ते कोण समजून घेणार?

काळा_कोट

रातांबा, हप्त्यांचं उत्तर कायद्याकडे नाही हे खरं. पण सांगाडा भिजायची गरज नव्हती. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलंय की जप्त वाहनं ठाण्यात कुजवायची नाहीत, फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन मालकाला लवकर द्यायची. अर्ज करून सुपुर्तनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर, गाडी सोडवून घ्यायची असते. पुष्कळांना माहीत नसतं आणि कोणी आपणहून सांगत नाही.

धागाकर्त्याच्या मांडणीत थोडी भर.

एक म्हणजे, गुन्हा घोर नसेल आणि सोबत कोणी प्रौढ नसेल तर केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे मुलावर एफआयआरच करायचा नाही. ठाणे दैनंदिनीत नोंद, सोबत सामाजिक पार्श्वभूमी अहवाल, आणि ते मंडळाकडे. कोठडीत ठेवायचं नाही, २४ तासांत मंडळापुढे हजर करायचं. जामीन हा नियम, नाकारायचा तर कारण लागतं: सुटला तर सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला स्वतःला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. तिसऱ्यांदा सापडलेल्या मुलाच्या बाबतीत हे पहिलं कारण मांडता येतं. पण ते कोणीतरी मांडायला हवं ना! हातात अहवाल नसेल तर मंडळ काय करणार?

दुसरं, कलम कोणतं लावलं यावर खूप अवलंबून आहे. न्याय संहितेत ३०५ आहे. माल किंवा प्रवासी वाहून नेणारं वाहन चोरलं तर सात वर्षांपर्यंत. ते लागलं तर गुन्हा किरकोळ राहत नाही, आणि मग मुदत संपली म्हणून आपोआप बंद पडत नाही. अंगणातली खाजगी मोटार त्यात बसते का यावर वाद घालता येईल. टेम्पो किंवा रिक्षा निश्चित बसेल. म्हणजे शेजारच्याचा तीनआसनी टेम्पो चोरलेला मुलगा किरकोळच्या बाहेर आणि दुप्पट किमतीची मोटार चोरलेला कदाचित किरकोळ गुन्ह्यात.

आणि 'फक्त फिरवायला नेली होती, परत ठेवणार होतो' हा बचाव इथे टिकत नाही. १९५२ मध्ये जोधपूरच्या हवाईदल अकादमीतून दोन छात्रांनी परवानगीशिवाय विमान नेलं आणि ते पाकिस्तानात उतरलं. १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की तात्पुरती वंचना हीसुद्धा चोरीच. इंग्लंडमध्ये मात्र १९६८ च्या कायद्यात मालकाच्या संमतीशिवाय वाहन नेणं हा चोरीहून वेगळा, हलका गुन्हा ठेवलाय. आपल्याकडे पेट्रोल संपेपर्यंत उंडारणारा आणि सुटे भाग करून विकणारा एकाच कलमात. माझ्या मते खरी गफलत ही आहे.

मालवणी_घो

माका एक सांगा. पोरगो चोरता तां खरां, पन घेता कोन? मोटारसायकल म्हंजे काय कैरी न्हय, काढली आनि मीठ लावन खाल्ली. तिका गिऱ्हाईक लागता. आमच्या हय सगळ्यांक म्हायत आसता इंजीन खंय जाता नि टाकी खंय जाता. बोलूचा कोनी? उद्या आपल्याच गाडयेचो पार्ट होयो झालो तर थयच जावचा लागता! ठरावात भंगारवाल्याचा नाव घालतास काय बघूया. थय सगळे गप होतले.

खाडीपल्याड

घो, हेच लिहिणार होतो. मोठ्यांसाठीचा कायदा इथे चांगलाच कडक आहे. न्याय संहितेचं कलम ९५: मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावलं तर किमान तीन आणि कमाल दहा वर्षं, शिवाय तो गुन्हा घडला तर त्याचीही शिक्षा स्वतः केल्यासारखी. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये मुलांना बेकायदा कामाला वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत आणि पाच लाख दंड. चोरीचा माल सराईतपणे घेणाऱ्याला तर जन्मठेपेपर्यंत जाता येतं. आमच्या मुलाच्या तिन्ही प्रकरणांत विकत घेणारा एकही आरोपी झालेला नाही. ठराव मुलाविरुद्ध आहे, त्यात मोठ्या माणसाचा उल्लेखच नाही, हे कोणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं.

ब्रिस्बेनची_पारू

मूळची दापोलीची, गेली बरीच वर्षं इकडे. तुमचा ठराव इथे कायदा होऊन बसलाय, म्हणून लिहिते.

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या क्वीन्सलँड राज्यात गाड्या चोरणारी मुलं हा निवडणुकीचा मुद्दा झाला. रात्री घरात शिरायचं, स्वयंपाकघरातल्या ओट्यावरची किल्ली उचलायची आणि गाडी न्यायची. इथे २००१ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा आहे, त्यामुळे खरी किल्ली असल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, म्हणून मुलं किल्लीसाठी घरात शिरतात. त्यात माणसं जखमी झाली, काही मेलीही. 'मोठ्यांचा गुन्हा, मोठ्यांची शिक्षा' ही घोषणा देऊन सरकार आलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये कायदा झाला. खून, दरोडा यांच्याच यादीत मालकाच्या परवानगीशिवाय वाहन वापरणंही आहे. मुलांना कोंडणं हा शेवटचा उपाय असावा हे तत्त्वही काढून टाकलं. इथे गुन्ह्याच्या जबाबदारीचं वय दहा आहे. सरकारने स्वतःच मान्य केलं की हा कायदा राज्याच्या मानवी हक्क कायद्याशी विसंगत आहे, आणि तरीही केला.

माझ्या शेजारणीची गाडी दोनदा गेली. ती या कायद्यावर खूश आहे. तिच्याशी वाद घालायची माझी छाती नाही. पण मी ज्या शाळेत काम करते तिथल्या समुपदेशकाचं म्हणणं, जी मुलं आत जाऊन येतात ती आतल्या ओळखी घेऊन येतात. अमेरिकेत २००७ मध्ये सार्वजनिक आरोग्याच्या तज्ज्ञ गटाने तिथले अभ्यास एकत्र करून हेच सांगितलं होतं: मुलांना प्रौढांच्या न्यायव्यवस्थेत पाठवलं की त्यानंतरची हिंसा वाढते, कमी होत नाही.

आणखी एक. याच सरकारआधीच्या सरकारने केर्न्स, टाउन्सव्हिल, माउंट आयझा इथे जुन्या गाड्यांना इमोबिलायझर बसवायला ५०० डॉलरपर्यंतची कुपनं दिली होती. त्याच्यावर कोणी निवडणूक जिंकलेलं ऐकलं नाही.

रातांबा

पारूताई, शेजारणीची बाजू प्रामाणिकपणे लिहिलीत, आवडलं. पण 'आत जाऊन बिघडतो' हे ऐकून कंटाळा आला. बाहेर राहून सुधारलेला कोणी दाखवा.

गॅरेजवाला_०८

मी दाखवतो थांब. पण आधी गाड्यांबद्दल, कारण इथे सगळे कायद्यात पोहतायत.

जुन्या मोटारसायकलचं कुलूप म्हणजे नावाला कुलूप. आठ-दहा वर्षांची गाडी असेल तर झिजलेली कुठलीही चावी बसते. वायर काढून डायरेक्ट करायला पोराला जितका वेळ लागतो तितका मला बोल्ट काढायला लागत नाही. हँडल लॉक अर्धे लोक करत नाहीत, आणि केलं तरी जोर लावून तुटतं. स्टेशनबाहेर, जेटीवर, बंदरात मासे आणायला गेलेल्यांच्या गाड्यांना सरळ चावी लावलेली असते. 'आमच्याकडे कोण चोरतंय' ही आपली शेखी.

अमेरिकेत २०२१-२२ मध्ये काय झालं ते ऐकलंच असेल. किआ आणि ह्युंदाईच्या तिथल्या बऱ्याच मॉडेलांत इमोबिलायझर नव्हता. पोरांनी व्हिडिओ बघून यूएसबीच्या तोंडाने गाड्या सुरू केल्या आणि चोऱ्यांचा पूर आला. पोरं तीच होती, आदल्या वर्षीही तिथेच होती. गाडी सोपी होती म्हणून चोर झाले. कंपनीला मग नवं सॉफ्टवेअर द्यावं लागलं, भरपाईचे दावे झाले. आपल्याकडे सगळा राग पोरावर, दीड लाखाच्या मोटारसायकलला पन्नास रुपयांचं कुलूप देणाऱ्याला कोणी विचारत नाही.

नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं तेच. एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना ती येतेच, जुन्यांना लावून घ्यायला मुदतीवर मुदत. चोरीच्या गाडीवर खोटी प्लेट लावणं तिने जरा अवघड होतं. इंजीन भंगारात गेलं तर प्लेटचा काय उपयोग, ते घो म्हणतो तेच.

आता रातांब्याचं. माझ्याकडे एक मुलगा आहे. त्याने काय काय नेलं होतं ते लिहीत नाही, मंडळाने त्याला प्रोबेशनवर, म्हणजे अटी घालून देखरेखीखाली, सोडला होता. आयटीआयला घातला, मोटार मेकॅनिक. आता माझ्याकडे पगारावर आहे. गाडीची ओढ होतीच, ती कुठे वळवायची एवढाच प्रश्न होता.

रातांबा

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! पण चालतंय म्हणतोस तर ऐकतो. रात्री गॅरेज बंद कोण करतं?

गॅरेजवाला_०८

तोच.

देवबागकर

किती छान चर्चा. धागाकर्ते, हे प्रकरण अमुक गावचं ना? मुलाचे वडील आमच्या [संपादित]

व्यवस्थापक

देवबागकर, प्रतिसाद संपादित केला आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही: नाव, पत्ता, शाळा, काहीही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सॲपच्या गटांत सर्रास फोटो फिरतात म्हणून ते चालतं असं नाही. पुन्हा झाल्यास धागा वाचनमात्र होईल.

बाईंची_शाळा

खेड्यातल्या माध्यमिक शाळेत शिकवते. अशा मुलांच्या बाबतीत मला दिसतं ते सांगते, सगळ्यांना लागू आहे असा दावा नाही.

बाप मुंबईत, आई बापासोबत किंवा दुसऱ्याच्या आंब्याच्या कलमांत मजुरीला, पोर आजीकडे. आठवीपर्यंत ढकलत येतं. नववीत गळतं. मग बोटीवर खलाशी, नाहीतर चिऱ्याच्या खाणीवर, नाहीतर काहीच नाही. शेजारच्या घरी मे महिन्यात चाकरमान्यांचा त्याच वयाचा मुलगा नव्या गाडीतून उतरतो. हे चोरीचं समर्थन नाही. याच परिस्थितीतली बाकीची सगळी मुलं चोरी करत नाहीत, आणि त्यांचा अपमान मला करायचा नाही. पण चोरणाऱ्यांपैकी शाळेत नियमित येणारा मुलगा मला तरी आठवत नाही.

कायद्यावर माझा एकच आक्षेप. मुलगा पकडला गेला की शाळेला अधिकृतपणे काहीच कळत नाही. गुप्तता हवीच, मी तिच्या बाजूची आहे. पण मंडळाने 'शाळेत नियमित जावं' असा आदेश दिला तर तो पाळला जातो की नाही हे कोण बघणार? मला दाखला मागायला आजी येते तेव्हा समजतं. आणि तेव्हा ती दाखला वयासाठी मागत असते, कारण वय ठरवताना शाळेच्या जन्मनोंदीला पहिला मान आहे. शाळेचा उपयोग तेवढाच.

काळा_कोट

बाईंचं शेवटचं वाक्य आमच्या बार रूममध्ये लावायला हवं.

उंबरठा

काही वर्षं बाल न्याय मंडळावर सामाजिक सदस्य होते (मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत किमान एक स्त्री). जिल्हा सांगत नाही.

लोकांना वाटतं मंडळाच्या हाती निबंध लिहायला लावण्यापलीकडे काही नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात भरधाव गाडीखाली दोघं गेले आणि मंडळाने ३०० शब्दांचा निबंध सांगितला, तेव्हापासून तर आम्ही सगळे थट्टेचा विषय झालो. पण कलम १८ नीट वाचा. समज, गट समुपदेशन, देखरेखीखाली समाजसेवा, पालकांना दंड, तीन वर्षांपर्यंत प्रोबेशन, तीन वर्षांपर्यंत विशेष गृह (दोषी ठरलेल्या मुलांना ठेवायची संस्था). शिवाय जोडीला: शाळेत जाणं, व्यवसाय प्रशिक्षण, व्यसनमुक्ती, आणि ठरावीक ठिकाणी जायला बंदी. वाहनं चोरणाऱ्या मुलाला स्टेशनच्या आणि एसटी स्टँडच्या पार्किंगमध्ये फिरकू नकोस असं लेखी बजावता येतं. आम्ही ते करत असू.

अडतं कुठे ते सांगते. आदेश झाल्यावर मुलामागे जायला प्रोबेशन अधिकारी लागतो. उदाहरणार्थ, मंडणगडहून जिल्ह्याचं ठिकाण रत्नागिरी दीडशे किलोमीटरच्या आसपास. आजीची मजुरी बुडते, सकाळच्या एसटीने यायचं, तारीख पडायची, रात्री परत जायचं. दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला ती येत नाही. मुलगा तर नाहीच. अहवाल आलेला नसतो म्हणून आम्ही पुढची तारीख देतो. असं करत सहा महिने होतात. खाडीपल्याड यांनी लिहिलं ते 'विरणं' असं घडतं, त्यात कुणाची दया नसते.

माझा अनुभव असा, की एकदाच सापडलेली बहुतेक मुलं परत येत नसत. त्यांना समज देऊन सोडणं बरोबरच होतं. परत परत येणारी थोडी असत, आणि त्यांची नावं आम्हाला पाठ होती. सगळ्या मुलांसाठी कायदा कडक करून या थोड्यांचा प्रश्न सुटत नाही. या थोड्यांच्या मागे मात्र कोणीतरी हात धुवून लागायला हवं. दुसऱ्या वेळेपासून प्रकरण मुदतीत बंद करता येणार नाही, पंधरा दिवसांत अहवाल यायलाच हवा आणि मंडळाने तालुक्याला येऊन बसावं, एवढं नियमांत आलं तरी मला पुरे.

आणखी, जे मी फार थोड्या वेळा करू शकले: मुलाला मालकासमोर बसवणं. एका कोळ्याची मोटारसायकल होती, तिच्यावरून तो पहाटे लिलावाला जायचा. गाडी नव्हती तेव्हा टेम्पोला किती दिले ते त्याने मुलासमोर हिशेब करून सांगितलं. ओरडला नाही. मुलाला तोवर वाटत होतं मालकाला विम्याचे पैसे मिळतातच.

रातांबा

उंबरठाताई, मला कोणी असं बोलावलं असतं तर मी गेलो असतो. मला तर मुलाला काय झालं तेही कोणी कळवलं नाही. ठाण्यात विचारलं तर 'गोपनीय आहे'. मुलाचं नाव नका सांगू, पण माझ्या गाडीच्या प्रकरणाचं पुढे काय झालं हे मला कळू नये?

काळा_कोट

हा मुद्दा रास्त आहे, आणि कायद्याने याचा पुरेसा विचार केलेला नाही. ओळख झाकायची आणि निकाल झाकायचा यांत फरक आहे.

अठरा पूर्ण झाल्यावर काय, हे कोणी विचारलं नाही म्हणून थोडक्यात. मंडळापुढच्या नोंदींमुळे पुढे अपात्रता येत नाही, नोंदी ठरावीक काळाने नष्ट करायच्या असतात. त्यामुळे एकोणिसाव्या वर्षी सापडला तर तो कोर्टात पहिल्यांदाच आलेला. शिवाय १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं कलम ६ आहे: एकवीसच्या आतल्याला, जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर, प्रोबेशन का देत नाही याची कारणं लिहिल्याशिवाय तुरुंगात पाठवायचं नाही, आणि त्यासाठी अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा. तुरुंग टाळायचा मार्ग आपल्या कायद्यात पासष्ट-सत्तर वर्षांपासून आहे, आणि तोही पुन्हा त्याच अहवालावर येऊन थांबतो.

मालवणी_घो

म्हंजे कायदो हा, अहवाल नाय. गावात रस्तो मंजूर हा, डांबर नाय, तसांच मरे!

खाडीपल्याड

काल रात्री मसुदा बदलला. सरपंचांना वाचून दाखवला, त्यांनी 'फार लांब आहे' एवढंच म्हटलं, म्हणजे नको असं नाही. गोळाबेरीज अशी:

'प्रौढांप्रमाणे खटला' हे वाक्य काढलं. त्याजागी अशी मागणी, की एकदा प्रकरण झालेलं मूल पुन्हा वाहनचोरीत आलं तर ते प्रकरण मुदत संपली म्हणून बंद होऊ नये, आणि सामाजिक अहवाल ठरलेल्या दिवसांत मंडळापुढे यावा. मंडळाची बैठक महिन्यातून एकदा तालुक्याच्या ठिकाणी व्हावी. फिरवायला नेलेली गाडी आणि विकायला नेलेली गाडी यांत कायद्याने फरक करावा. दुसऱ्या प्रकारात घेणाऱ्याचा शोध लागल्याशिवाय तपास पूर्ण समजू नये. मालकाला प्रकरणाचा निकाल, मुलाची ओळख न देता, लेखी कळवावा. मुलगा आणि मालक तयार असतील तर समोरासमोर बसवावं आणि नुकसानीचा काही भाग मुलाने काम करून फेडावा.

गावाकडूनही दोन गोष्टी घातल्यात, नाहीतर सगळं सरकारवरच ढकलल्यासारखं होतं. बंद घरांच्या गाड्यांच्या चाव्या ग्रामपंचायतीच्या कपाटात नोंद करून ठेवायच्या. आणि या मुलाला आयटीआयला प्रवेश मिळेपर्यंत गावातल्या कोणीतरी त्याची हमी घ्यायची. दुसऱ्या वाक्याशी सगळे अडलेत. हमी कोण घेणार यावर बराच वेळ शांतता होती, मग विषय नळपाणी योजनेवर गेला.

गॅरेजवाला_०८

तालुका कुठला ते खाजगी निरोपात कळव. हमीचं बघू.

ब्रिस्बेनची_पारू

ठराव शेजारणीला भाषांतर करून वाचून दाखवला. मालकाला निकाल कळवायचा मुद्दा तिला सगळ्यात आवडला. बाकीच्यावर म्हणाली, 'बघू दोन वर्षांनी.'

रातांबा

ठराव आधीच्यापेक्षा बरा आहे. पण एक कलम कमी पडतंय. एवढं सगळं करूनही पोराने चौथी गाडी नेली तर? तिथेही पुन्हा अहवाल, पुन्हा बैठक असंच असेल तर माझी सही नाही. तीन वर्षांचं विशेष गृह कायद्यात आहे म्हणता ना, मग चौथ्या वेळी ते मिळेल असं स्पष्ट लिहा. मोठ्यांच्या तुरुंगात नको, मान्य. पण घरीही नको.

उंबरठा

रातांबा, ते लिहायला माझी हरकत नाही. फक्त 'चौथ्या वेळी' ऐवजी 'आदेश मोडल्यावर' असं लिहा. चोरीची वाट का बघायची? प्रोबेशनच्या अटी मोडल्या, अधिकाऱ्याकडे हजर झाला नाही, पार्किंगमध्ये दिसला, तेव्हाच हलायला हवं.

रातांबा

असं लिहिलंत तर सही करतो. हप्त्यांचं काय ते मात्र अजून कोणी सांगितलेलं नाही.